ऐकणारा पाणतीर

१९४२ च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. २० तारखेला मुंबई बंदरातून 'तिलावा' नावाची आगबोट पूर्व आफ्रिकेकडे जायला निघाली. बोट ब्रिटिश इंडिया कंपनीची. तिच्यावर सातशेहून अधिक उतारू होते आणि दोनशेहून अधिक खलाशी व नोकरवर्ग. आफ्रिकेत दुकाने थाटलेले व्यापारी, त्यांची बायकामुले, पोटापाण्यासाठी निघालेले तरुण, असा तो संसारी मेळा होता. निघाल्यापासून तिसऱ्या रात्री, म्हणजे २३ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी, माणसे झोपेत असताना एका जपानी पाणबुडीने बोटीवर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगते आहे असे पाहून होड्यांत उतरलेली काही माणसे पुन्हा वर येऊ लागली. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसे समुद्राने घेतली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने पाण्यातून उचलून परत मुंबईला आणले.

ज्या पाणबुडीने हे केले तिचे नाव 'आय-२९'. पुढे एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात याच पाणबुडीने एका जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांना उतरवून घेतले आणि पूर्वेकडे नेले. इतिहास असा सरळ रेघेत चालत नाही, हे शिकवणाऱ्यांना ठाऊकच आहे. पण आज आपला विषय नेताजींचा प्रवास नाही आणि 'तिलावा'चा अंतही नाही. आपला विषय त्या रात्रीतून निघणारा एक प्रश्न आहे. समुद्राच्या पोटात लपलेला, डोळ्यांना मुळीच न दिसणारा शत्रू शोधायचा कसा, आणि शोधला तरी त्याच्यावर नेमका घाव घालायचा कसा? या प्रश्नाला माणसाने दिलेले उत्तर म्हणजे विमानातून किंवा लहान नौकेवरून टाकता येणारा, स्वतः ऐकत ऐकत पाणबुडीकडे जाणारा हलका टॉर्पेडो. त्याच्या जन्माची आणि वाढीची हकिकत आज सांगायची आहे.

आधी टॉर्पेडो म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे त्याला 'पाणतीर' असा छान शब्द आहे. हा तीर मात्र धनुष्यातून सुटत नाही. लांबट माशाच्या आकाराचे हे एक यंत्र आहे. त्याच्या शेपटीला पंखा, पोटात तो पंखा फिरवणारे इंजिन आणि डोक्यात दारूगोळा. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरने एड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे गावी पहिला चालता टॉर्पेडो तयार केला. पुढे पाणबुडी आली आणि पाणतीर व पाणबुडी यांची जोडी जमली. या जोडीचा धाक जगाला कळला तो २२ सप्टेंबर १९१४ रोजी. त्या सकाळी 'यू-९' नावाच्या एकट्या जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या आणि चौदाशेहून अधिक माणसे गेली. जुन्या बांधणीची, जेमतेम तीस माणसांची ती पाणबुडी! तेव्हापासून सगळ्या दर्यावर्दी राष्ट्रांची झोप उडाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी विमाने, एवढ्या तोफा असताना पाणबुडीचे भय ते काय? भय असे की, समुद्र तिला पोटात घेतो. उजेड पाण्यात थोडेच अंतर जातो. आपले हे भाषण ज्या रेडिओलहरींवर बसून तुमच्या गावापर्यंत येते, त्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की लगेच मावळतात. म्हणून डोळा आणि रडार दोन्ही तेथे आंधळे. एक आवाज मात्र पाण्यात मनसोक्त धावतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना हे न सांगता कळते. एकाने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावेत आणि दुसऱ्याने दूरवर बुडी मारून ऐकावे. आवाज अगदी कानाशी वाजल्यासारखा येतो. गंमत अशी की, तो कोणत्या बाजूने आला हे मात्र सांगता येत नाही. पाण्यात आवाज इतका वेगाने धावतो की दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच वेळी भेटतो, आणि आपला मेंदू गोंधळतो. ही गंमत ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर जे मुख्य अस्त्र निघाले ते 'डेप्थ चार्ज'. म्हणजे स्फोटक द्रव्याने भरलेले पिंप. ब्रिटिशांच्या पिंपात सुमारे १३६ किलो दारू असे. किती खोलीवर फुटायचे ते आधी ठरवून द्यायचे आणि पाणबुडी असेल अशा जागी नौकेवरून ते समुद्रात लोटायचे. पुढे पाणबुडीचा मागोवा घेणारे, पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र नौकांवर आले. ब्रिटिश त्याला ॲसडिक म्हणत, अमेरिकन सोनार म्हणत. तरी एक अडचण उरलीच. शिकारी नौका पाणबुडीच्या अगदी माथ्यावर आली की त्या यंत्राला नेमके खालचे ऐकू येईनासे होई. त्यानंतर पिंपे लोटायची, ती बुडत खाली जायची, आणि या वेळात पाणबुडी वळण घेऊन निसटायची. शिवाय स्फोटाने सारा समुद्र असा घुसळून निघे की पुढे बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. गढूळ डोहातल्या माशाला काठावरून धोंडे मारावेत, तशातला हा प्रकार. एखादा धोंडा लागतोही, पण दहा वाया जातात.

विमानाची अडचण याहून मोठी. विमान दिसले की पाणबुडी बुडी मारी. अर्ध्या-एक मिनिटात ती दिसेनाशी होई आणि वर उरे तो पाण्याचा फेसाळ भोवरा. ती आता डावीकडे गेली की उजवीकडे, किती खोल गेली, हे वैमानिकाने ओळखायचे कसे?

येथे आपल्या गोष्टीला वळण मिळते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात पडली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, हार्वर्ड विद्यापीठात शास्त्रज्ञांची एक बैठक झाली. प्रश्न असा मांडला गेला: विमानातून टाकता येईल इतका लहान आणि पाण्यात पडल्यावर आपण होऊन पाणबुडीचा आवाज शोधत जाईल, असा टॉर्पेडो करता येईल काय? हार्वर्डची ध्वनिप्रयोगशाळा आणि टेलिफोनवर संशोधन करणारी बेल प्रयोगशाळा या दोघांनी काम अंगावर घेतले. वेस्टर्न इलेक्ट्रिक, जनरल इलेक्ट्रिक अशा कारखान्यांचे हात लागले. तोफा ओतणाऱ्या कारखान्यांपेक्षा टेलिफोन आणि विजेची यंत्रे करणाऱ्यांचे हे काम होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण मूळ प्रश्न दारूगोळ्याचा नव्हताच; तो ऐकण्याचा होता.

त्यांनी काय केले ते समजून घेऊ. ते अवघड नाही. टॉर्पेडोच्या अंगावर, मध्यभागी, चार ठिकाणी पाण्यातला आवाज टिपणारे 'हायड्रोफोन' बसवले. एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे त्याचे चार कान. मघाची विहिरीतली अडचण आठवते ना? दोन कानांना आवाज एकाच वेळी येतो, मग दिशा कशी कळावी? त्यांनी वेळ मोजलीच नाही. आवाजाचा जोर मोजला. बारीक, उंच पट्टीचा आवाज एखाद्या अंगावर आदळला की पलीकडच्या बाजूला त्याची सावली पडते, उन्हात झाडाची पडते तशी. पाणबुडीच्या पंख्याचा आवाज डावीकडून आला, तर टॉर्पेडोच्या स्वतःच्या अंगाची सावली उजव्या कानावर पडते, म्हणून डावा कान जास्त ऐकतो. मग विजेच्या तारा सुकाणूला सांगतात, डावीकडे वळ. वरच्या कानाने जास्त ऐकले तर वर, खालच्याने ऐकले तर खाली. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा होईपर्यंत वळत राहायचे. चरणाऱ्या म्हशीला मागून हाक आली की ती जशी कान टवकारून मान वळवते, तसेच हे. एवढ्या साध्या नियमावर ते यंत्र आंधळ्या अंधारात शिकार शोधी.

आणखी एक पेच होता. पळणाऱ्या माणसाला आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. टॉर्पेडोच्या स्वतःच्या पंख्याचा आवाज त्याच्याच कानांत भरला तर तो स्वतःच्याच मागे फिरत बसायचा! म्हणून त्याला मुद्दाम सावकाश चालवले. पाच हॉर्सपॉवरची विजेची मोटर आणि आपल्या मोटारगाडीत असते त्या जातीची शिशाची बॅटरी. वेग ताशी १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. चांगला सायकलस्वार त्याच्या बरोबरीने जाईल. पण पाण्याखाली गेलेली तेव्हाची जर्मन पाणबुडी जास्तीत जास्त साडेसात सागरी मैलांच्या वेगाने पळे. तेव्हा एवढा वेग पुरेसा होता.

वजन पाहा. जर्मन पाणबुडीतून सुटणारा टॉर्पेडो सुमारे १,६०० किलोचा आणि सात मीटर लांब असे. हा नवा टॉर्पेडो सुमारे ३०८ किलोचा आणि जेमतेम दोन मीटरहून थोडा लांब. त्यात स्फोटक द्रव्य फक्त ४२ किलो, म्हणजे डेप्थ चार्जच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण डेप्थ चार्ज दूर कोठेतरी फुटे आणि हा जाऊन अंगाला भिडे. खोल पाण्यातल्या पाणबुडीला एक भोक पडले की पुरे, उरलेले काम पाण्याचा दाब करतो. युद्धशास्त्रात वजनाची जागा नेमकेपणाने घेतली, ती येथे.

हे सारे इतके गुप्त ठेवले होते की त्याला टॉर्पेडो म्हणण्याचीही बंदी होती. कागदोपत्री त्याचे नाव 'मार्क २४ सुरुंग'. वापरणाऱ्या माणसांनी मात्र त्याला लाडाने 'फायडो' म्हणायला सुरुवात केली. फायडो म्हणजे तिकडचे कुत्र्याचे नाव, आपल्याकडे मोत्या म्हणतात तसे. माग काढत जातो म्हणून मोत्या!

गुप्ततेला कारण होते. फायडोचा सारा डाव शत्रूच्या एका सवयीवर उभा होता. विमान दिसताच पाणबुडीने बुडी मारायची, ही ती सवय. पाण्याच्या वर पाणबुडी सतरा सागरी मैलांच्या वेगाने पळू शके, म्हणजे फायडोला सहज मागे टाकी. पाण्याखाली ती पंखा बंद करून निपचित पडून राहिली, तर फायडोला ऐकू काय येणार? शत्रूला हे कळले असते तर दोन वर्षांची मेहनत एका दिवसात मातीमोल झाली असती. म्हणून वैमानिकांना सक्त ताकीद असे की पाणबुडी पाण्यावर असताना हे अस्त्र टाकायचे नाही. तिला आधी बुडी मारू द्यायची, आणि मग त्या फेसाळ भोवऱ्यापाशी ते सोडायचे. शिवाय आपलीच नौका मारली जाऊ नये म्हणून, पाण्याच्या वरच्या सुमारे बारा मीटरच्या थरातले लक्ष्य त्याने सोडून द्यावे, अशी योजना यंत्रातच केली होती.

मे १९४३ मध्ये अटलांटिक महासागरात फायडोने पहिली शिकार केली. बैठकीपासून दीड वर्षाच्या आत! ज्या बुडीने पाणबुडीचा जीव वाचत असे, तीच बुडी आता तिचा घात करू लागली. युद्ध संपेपर्यंत पाणबुड्यांवर सुमारे २०० फायडो टाकले गेले. त्यांनी ३७ पाणबुड्या बुडवल्या आणि १८ पाणबुड्यांना इजा केली, असा हिशेब दिला जातो. विमानातून टाकलेल्या डेप्थ चार्जच्या तुलनेत हे यश दुपटीच्या घरातले होते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या आणि त्यांच्या सेनापतीला, ॲडमिरल डोनित्झला, उत्तर अटलांटिकमधून आपला कळप मागे घ्यावा लागला. हे एकट्या फायडोचे कर्तृत्व नव्हते. दूरवर उडणारी विमाने, रडार, लहान विमानवाहू नौका, शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल, अशा अनेक गोष्टी त्या वेळी एकत्र आल्या. फायडो हा त्या मोळीतला एक बांबू. पण तो नव्या जातीचा बांबू होता.

त्या काळातले एक ध्वनिमुद्रण आजही जपलेले आहे. २४ जून १९४४ च्या सुमारास 'आय-५२' ही जपानी पाणबुडी दोन टन सोने आणि इतर माल घेऊन जर्मनांकडे चालली होती. 'बोग' या अमेरिकन नौकेवरच्या विमानांनी तिला गाठले. विमानांनी समुद्रावर तरंगणारे लहान ध्वनियंत्र टाकले. ते खालचा आवाज ऐके आणि रेडिओने वर विमानात पाठवी. विमानात तो आवाज धातूच्या तारेवर टिपला जात होता. पाणबुडीच्या पंख्याची धडधड, मग फायडोचा स्फोट, मग पोलाद चिरडल्याचा आवाज, हे सारे त्या तारेवर उतरले. शंभराहून अधिक माणसे त्या पोलादाच्या आत होती. त्यांतला एकही परतला नाही. १९९५ मध्ये ती पाणबुडी पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर सापडली, तेव्हा शोध घेणाऱ्यांना याच जुन्या नोंदींचा आधार होता. रेडिओच्या माणसांना आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना या तारेची गोष्ट विसरता येणार नाही. कान जेव्हा शस्त्र होतो तेव्हा तो काय ऐकतो, हे तिच्यावर कोरलेले आहे.

आणि असे समजू नका की हे डोके एकाच बाजूला सुचले. जर्मनांनीही त्याच वर्षी, सप्टेंबर १९४३ मध्ये, जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकत जाणारा टॉर्पेडो वापरात आणला. दोस्तांनी त्यावर तोड काढली ती अगदी साधी. नौकेच्या मागे दूर दोरीला बांधून लोखंडी नळ्यांचे एक खुळखुळे ओढत न्यायचे. ते नौकेपेक्षा मोठा गोंगाट करी, आणि टॉर्पेडो त्या खुळखुळ्यामागे जाई. पाखरांना फसवायला शेतात बुजगावणे उभे करतात, त्याच जातीची ही युक्ती. त्या दिवसापासून आजपर्यंत ही चढाओढ थांबलेली नाही. एकाने कान तीक्ष्ण करायचे, दुसऱ्याने पाऊल हलके करायचे.

युद्ध संपता संपता जर्मनांनी पाण्याखाली सतरा सागरी मैलांच्या आसपास पळणारी नवी पाणबुडी बांधली होती. युद्धानंतर तिचे नमुने विजेत्या राष्ट्रांच्या हाती पडले. मग अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या आल्या. त्यांपैकी पहिली, अमेरिकेची 'नॉटिलस', १९५५ मध्ये समुद्रावर निघाली. बारा मैलांचा बिचारा मोत्या आता म्हातारा झाला. त्याच्या जागी नवी पिढी हवी होती, आणि तीही हलकीच हवी होती, कारण आता हेलिकॉप्टर आले होते. हेलिकॉप्टर कितीसे ओझे उचलणार?

या नव्या पिढीने दोन गोष्टी बदलल्या. पहिली ऐकण्याची रीत. फायडो नुसता ऐकणारा होता. गप्प बसलेली पाणबुडी त्याला सापडत नसे. नवे टॉर्पेडो वटवाघळासारखे स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकू लागले. मग पाणबुडी कितीही मौन धरून बसली तरी तिचे पोलादी अंग उत्तर देतेच. दुसरी गोष्ट म्हणजे ताकद. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या अमेरिकन 'मार्क ४४' टॉर्पेडोची बॅटरी मोठी नामी होती. ती कोरडी ठेवायची. आत मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडचे पत्रे. टॉर्पेडो समुद्रात पडला की खारे पाणी आत शिरायचे, आणि तेच बॅटरीचे पाणी व्हायचे! समुद्रच त्याला वीज पुरवी. सुमारे १९६ किलो वजन आणि ताशी ३० सागरी मैल वेग. शिक्षकबंधुभगिनींनो, मिठाच्या पाण्यात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या बुडवून वीज दाखवण्याचा प्रयोग तुम्ही वर्गात केला असेल. त्याचाच हा थोरला भाऊ.

'मार्क ४४' चा व्यास ३२४ मिलिमीटर होता. हे माप पुढे जगभर रूढ झाले. आज निरनिराळ्या देशांचे हलके टॉर्पेडो बहुतेक याच मापाचे आहेत, जशी आगगाडीच्या रुळांची रुंदी एकदा ठरली की ठरली. १९६० च्या दशकात 'मार्क ४६' आला. त्याने बॅटरी सोडून एक खास द्रवइंधन घेतले, जे जळायला बाहेरची हवा लागत नाही. वेग ४५ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला. शिवाय टॉर्पेडो टाकण्यासाठी पाणबुडीच्या जवळ जाण्याचीही गरज उरली नाही. १९६१ पासून अमेरिकन युद्धनौकांवर असे अग्निबाण आले की ते टॉर्पेडोला पाठीवर घेऊन काही किलोमीटर दूर नेत आणि छत्रीने अलगद समुद्रात सोडत.

मग रशियाने उत्तर दिले. टायटॅनियम धातूची, खूप खोल जाणारी आणि ४० सागरी मैलांच्या वर पळणारी पाणबुडी त्यांनी उतरवली. पाठलाग करणारा ४५ ने धावतो आणि पळणारा ४० ने, तर अंतर तुटायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात इंधन संपते. म्हणून पुन्हा नवे टॉर्पेडो आले. ब्रिटनचा 'स्टिंग रे' १९८३ मध्ये सेवेत आला. त्याच्या पोटात संगणक होता, आणि खरी पाणबुडी कोणती, खोटा आवाज कोणता, याची निवड तो स्वतः करू पाही. त्याचा स्फोटही असा घडवला होता की साऱ्या बाजूंना न पसरता एकाच दिशेने भाल्यासारखा घुसावा.

निवडीचा हा प्रश्न किती कठीण आहे हे १९८२ मध्ये फॉकलंड बेटांच्या युद्धात दिसले. अर्जेंटिनाची 'सान लुईस' ही एक पाणबुडी त्या समुद्रात फिरत होती. ब्रिटिश आरमाराने तिच्या शोधात कितीतरी टॉर्पेडो आणि डेप्थ चार्ज खर्ची घातले. संशयित आवाज बहुतेक वेळा देवमाशांचे, बुडालेल्या जहाजांचे आणि समुद्राच्या स्वतःच्या खोड्यांचे निघाले. पाणबुडी सुखरूप घरी गेली. ऐकू येणे वेगळे आणि ओळखणे वेगळे, हा धडा चाळीस वर्षांच्या संशोधनानंतरही शिकायचा उरला होता.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. ९ डिसेंबर १९७१ ची रात्र. दीवच्या किनाऱ्यापासून दूर भारतीय नौदलाची 'खुकरी' ही नौका पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या मागावर होती. 'हंगोर'ने आधी ऐकले आणि आधी मारले. आवाजाचा माग काढणाऱ्या टॉर्पेडोने 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपले जहाज सोडून गेले नाहीत. पाणबुडीच्या युद्धात ज्याचा कान अधू, त्याचा प्राण धोक्यात, हे आपण फार महाग किमतीला शिकलो.

विशाखापट्टणम येथे नौदलाच्या कामाची शास्त्रीय प्रयोगशाळा १९६९ मध्येच स्थापन झाली होती. तेथील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून हलका भारतीय टॉर्पेडो सिद्ध केला आणि २०१२ मध्ये तो नौदलाच्या हाती दिला. त्याचे नाव 'श्येन'. संस्कृतात श्येन म्हणजे ससाणा. वजन सुमारे २२० किलो, व्यास तोच ३२४ मिलिमीटर, वेग ताशी ३३ सागरी मैल. त्यानंतर टॉर्पेडोला क्षेपणास्त्रावर बसवून शेकडो किलोमीटर दूर नेण्याचे प्रयोगही ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२० पासून झाले आहेत. हे तंत्र विकत मिळते, पण त्याच्या कानातली अक्कल कोणी विकत नाही. आपल्या समुद्राचे पाणी कोठे गरम, कोठे थंड, कोठे गोड्या नदीचे पाणी मिसळलेले, याप्रमाणे आवाजाची वाट वाकते. ती वाट आपली आपणच शोधावी लागते.

वाचकहो, या हकिकतीतून काय घ्यायचे? शस्त्राचे कौतुक करून थांबणे बरे नाही, आणि शस्त्र वाईट म्हणून तोंड फिरवणेही पुरेसे नाही. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे भटारखान्यात आणि उतारूंच्या दिमतीला, पंजाब-पठाण मुलखातले इंजिनखोलीत. गोव्याचे खलाशी मुंबईत आपापल्या गावाच्या कूडमध्ये उतरत आणि बोट मिळेपर्यंत तेथेच राहत. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. टॉर्पेडो आला तर इंजिनखोलीतल्या माणसाला जिना चढून वर यायलाही वेळ मिळत नसे. त्यांपैकी हजारोंना समुद्रातच शेवटची जागा मिळाली. दुसऱ्या बाजूलाही हिशेब काही वेगळा नव्हता. जर्मनीचे सुमारे ४०,००० लोक पाणबुड्यांतून लढायला गेले, त्यांतले तीस हजारांच्या आसपास परत आले नाहीत. चारांतले तीन!

फायडोने किती जहाजे वाचवली हे कोणालाच मोजता येत नाही, कारण जे जहाज बुडाले नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही. बुडालेल्या पाणबुड्या मोजता येतात. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात ३७ हा आकडा येतो, आणि नेहमीसारखा बोट लागून घरी आलेला, चटईवर बसून भात-आमटी जेवणारा खलाशी येत नाही. शिक्षकांनी मुलांना हा आकडा जरूर सांगावा. पण आकड्याबाहेर राहिलेला तो खलाशीही सांगावा.

मुंबईत मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांचे जुने वसतिगृह आहे. युद्धांत समुद्रावर मृत्यू पावलेल्या खलाशांचे स्मारक तेथे आहे. दीवला टेकडीवर 'खुकरी'ची प्रतिकृती काचेत ठेवलेली आहे, तिचे तोंड समुद्राकडे. मुलांची सहल त्या बाजूला गेली, तर ही दोन ठिकाणे त्यांना दाखवा. तेथे उभे राहून पाणतीराची आणि त्याच्या कानांची गोष्ट सांगा. मग थोडा वेळ सगळ्यांनी गप्प राहावे, आणि समुद्र ऐकावा.